बोरमाळला गाडी एक मिनिट थांबते

लोक विमानानं लंडन-पॅरिसला जातात, आठ दिवस थंडीनं काकडतात आणि परत आले की जाडजूड पुस्तक लिहितात. मी कोल्हापूरहून बोरमाळला गेलो. आगगाडीनं जेमतेम अर्ध्या तासाचं अंतर. पण त्या अर्ध्या तासात आणि पुढच्या दीड दिवसात जे पाहिलं, खाल्लं आणि सोसलं, त्याला त्या सगळ्या लंडनवाल्यांची पुस्तकं एकावर एक रचली तरी पुरायची नाहीत. कागद महाग झालाय म्हणून थोडक्यात आवरतो. आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मी खोटं बोलत नाही. जे घडलं तेच सांगतो, फक्त सांगण्याआधी त्याला चार महिने तालमीत पाठवतो. अंग जरा भरतं.

बोरमाळ तुम्हाला माहीत असण्याचं कारण नाही. रुकडी सोडून गाडी उसात शिरली की एक मातीचा उंचवटा लागतो, त्यावर पत्र्याची शेड आणि एक पिवळी पाटी. झालं स्टेशन. कोरोनाच्या वर्षात सगळ्या गाड्या थांबल्या तशी बोरमाळची पॅसेंजरही थांबली. पुढं गाड्या पुन्हा धावायला लागल्या, पण बोरमाळला काही थांबेनात. फलाटावर गवत माजलं. पाटीच्या खांबाला कुणीतरी म्हैस बांधायला लागलं. ती म्हैस म्हणे गाडी आली की मान वर करून बघायची आणि गाडी निघून गेली की सुस्कारा सोडायची. सुस्कारा मी स्वतः ऐकलेला नाही, पण म्हशीचा मालक खोटं बोलणारा माणूस नव्हे.

या बोरमाळात माझी थोरली बहीण दिली आहे. आम्ही तिला अक्का म्हणतो. अक्काला आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, मिरजेला डायलिसिस करून घ्यावं लागतं. जायचं म्हणजे आधी वडापची जीप, मग एसटी, मग रिक्षा. यायचं ते उलट क्रमानं. त्यात उसाचा हंगाम असला की वडाप एखाद्या ट्रॅक्टरमागं अडकायची आणि अंगात त्राण नसलेली अक्का जीपमध्ये तेराव्या माणसाच्या मांडीवर डोकं टेकून घरी पोचायची. पोचली की दुसऱ्या दिवसापर्यंत उठायची नाही. एकदा ती मला म्हणाली, "बाप्या, मला आजार न्हाई नेत. मला ही वडाप नेनार हाय बघ."

मी शिवाजी पेठेतला सायकल दुकानदार. पंक्चर काढण्यापलीकडं मला काय करता येणार? त्यामुळं बोरमाळला पॅसेंजर पुन्हा थांबणार असं कळलं, तेव्हा मी दुकानात एकटाच नाचलो. गिऱ्हाईक समोर उभं होतं. ते सायकल तिथंच टाकून निघून गेलं.

सोमवार, कोल्हापूर

पेठेत बातमी फुटली की मी पहिल्या गाडीनं निघालोय. मग काय विचारता! सकाळी स्टेशनवर अख्खी तालीम हजर. कुणी हार आणला, कुणी नारळ. फुटबॉलच्या पोरांनी अशा आरोळ्या ठोकल्या की शेजारच्या फलाटावरच्या मुंबईच्या गाडीतली माणसं खिडकीशी येऊन कोण पुढारी निघालाय ते बघायला लागली. मी हात जोडून त्यांनाही नमस्कार केला. एका बाईंनी मला त्यांच्या गल्लीतल्या गटारीची तक्रारसुद्धा सांगितली. बघतो म्हणालो.

गाडी हलली. गांधीनगर गेलं, पंचगंगेचा पूल आला. नदीला नमस्कार करायला मी खिडकीशी वाकलो आणि वाऱ्यानं माझी नवी टोपी नेली. गज असतानाही नेली, यावरून वाऱ्याचा अंदाज करा. ती टोपी पुढं नरसोबाच्या वाडीपर्यंत गेली असणार. देवाच्या पायाशी गेली असेल तर माझी काही तक्रार नाही.

पुलापलीकडं उसाचे तुरे दिसायला लागले. एका गुऱ्हाळातून काहिलीतल्या कढत्या रसाचा वास डब्यात शिरला आणि डब्यातल्या सगळ्या माणसांनी एकदम नाकं खिडकीकडं वळवली. रस्त्यानं कितीदा गेलोय, पण रस्त्यावरून धूर तेवढा दिसतो. वास घ्यायला रुळावरून जावं लागतं.

बोरमाळ, तोच दिवस

आता नीट ऐका, कारण इथून गडबड सुरू होते.

बोरमाळची एक रीत आहे. कुणीही पहिल्यांदा गावात आलं की त्याला जेवल्याशिवाय शीव ओलांडू द्यायची नाही. नवी सून असो, नवा मास्तर असो, वीजबिल न भरल्याबद्दल कनेक्शन तोडायला आलेला माणूस असो. आधी ताट, मग वायर. आणि गावाच्या मते एवढ्या वर्षांनी परत आलेली गाडी ही पहिल्यांदाच आलेली होती. शिवाय ती आपणहून आलेली. माहेरवाशीणच की! म्हणून गावानं गाडीला जेवायला घालायचं ठरवलं होतं. गाडीला म्हणजे गाडीतल्या सगळ्यांना.

या पंगतीचे प्रमुख माझे दाजी, म्हणजे अक्काचे यजमान. गावच्या मंडळाची स्टीलची ताटं दाजींच्या ताब्यात असतात. प्रत्येक ताटावर 'ग्रामस्थ बोरमाळ' असं कोरलेलं. दाजी लग्नातली अंगठी कुठं ठेवली ते विसरतील, पण कुठल्या ताटाला कुठं पोचा आहे ते त्यांना पाठ आहे.

गाडी थांबली तशी हलगी कडाडली. बायकांनी इंजिनाला ओवाळलं. कुंकू लावायला हात पोचेना तेव्हा गावच्या तालमीच्या वस्तादांनी सरपंचबाईंच्या हातातलं कुंकू घेतलं, एका पैलवानाच्या खांद्यावर उभे राहिले आणि इंजिनाच्या कपाळाला बोट टेकवून आले. मग दाजींनी हाताचा इशारा केला आणि शेडमागून ताटं निघाली. मसालेभात, वांग्याची भाजी, आमटी, शिरा. सोमवार होता म्हणून, नाहीतर बेत वेगळा असता आणि मी हे लिहायला परत आलो नसतो.

खिडकीच्या गजांतून ताट आडवं जात नाही. उभं केलं तर आमटी जाते. म्हणून सगळी ताटं दारांतून आत गेली. डब्यातली माणसं आधी नको नको म्हणाली.

"घ्या की पावणं! काय लाजताय?"

"अहो, गाडी सुटेल."

"कुटं सुटतीया! डायवर जेवतोय न्हवं."

खरंच, ड्रायव्हर शिरा खात होता.

दिवा हिरवा झाला. मागून शिट्टी वाजली. आणि आता दाजींच्या लक्षात आलं की गाडी गेली की ताटंही जाणार. त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून जोतिबाच्या डोंगरावरचे कावळे उडाले असतील. "ताटं! आरं, ताटं घ्या!"

झालं! अख्खं गाव दारांत घुसलं. आतली माणसं घास गिळतायत, बाहेरची ताट ओढतायत. एक म्हातारबाबा म्हणतायत, "थांब की, शिरा राहिलाय." ताट ओढणारी बाई म्हणतीय, "हातावर घ्या, ताट द्या." दारांत माणसं लोंबकळत असताना गाडी सुटणार कशी? मिनिटाची दहा झाली, दहाची पंधरा झाली, आणि शेवटच्या डब्यातून गार्डसाहेब उतरून चालत आले. हल्ली त्यांना काहीतरी मॅनेजर म्हणतात, पण आमच्याकडं गार्ड तो गार्डच. माणूस सोलापूरकडचा, काटक, मिशीला काळजीपूर्वक कात्री लावलेली.

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, ओरडण्याला आमच्याकडं उत्तर असतं.

"हे बघा," ते म्हणाले, "हा थांबा प्रायोगिक आहे. कायमचा नाही. एक मिनिट दिलंय, एकच. तुमचं प्रेम कळतंय मला. आज मी सांभाळून घेतो. पण उद्यापासून गाडी इथं रेंगाळली तर मला तसं कळवावं लागेल. मग थांबा गेलाच म्हणून समजा."

हलगी थांबली. गार्डसाहेब परत गेले. जाताना कुणीतरी त्यांच्याही हातात ताट दिलं, ते त्यांनी नको म्हणून परत केलं. मग कुणीतरी ते त्यांच्या डब्यात ठेवून पळालं असावं, पण ते कळलं दुसऱ्या दिवशी.

गाडी गेली. मी वळून पाहिलं तर अक्का शेडखालच्या दगडावर बसली होती. समोरच्या रुळांकडं बघत म्हणाली, "बाप्या, मला चढायला एक मिनिट पुरंल व्हय रे?"

प्रश्न साधा होता. बोरमाळचा फलाट जेमतेम रुळांएवढा उंच, डब्याची पहिली पायरी कमरेला. दांडी धरून अंग वर ओढावं लागतं. आणि अक्काच्या डाव्या हाताला डायलिसिसची सुई लावायची जागा केलेली आहे. त्या हातानं जोर लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. एका हातानं, त्या गुडघ्यांनी, एका मिनिटात? आणि तिच्यासाठी गाडी थांबवून धरली तर ती गाडी पुढच्या वेळी थांबणारच नाही.

मी म्हणालो, "पुरंल की, न पुराया काय झालं!" पण एवढ्या मोठ्या आवाजात म्हणालो की तिला कळलं.

बोरमाळ, तिसरा प्रहर

आमच्या पेठेत अशी अडचण आली की आधी कट्ट्यावर चर्चा, मग भांडण, मग चहा, आणि अडचण कुठली होती ते सगळे विसरतात. बोरमाळात वस्तादांनी शिट्टी फुंकली.

त्यांनी उसाची रिकामी ट्रॉली फलाटाशेजारच्या माळावर आणायला लावली. "ही गाडी," म्हणाले. "मी शिट्टी मारली की चढायचं. पुन्ना मारली की गाडी गेली. एक मिनिट म्हंजे माझे वीस जोर. व्हय का न्हाई?"

"व्हय!" गाव म्हणालं.

वस्ताद जमिनीवर आडवे झाले, शिट्टी वाजली, आणि अख्खं गाव ट्रॉलीच्या एकाच कोपऱ्यावर धावलं. का, तर बोरमाळच्या माणसाला अर्धवट राहिलेल्या गप्पा सोडून दुसऱ्या डब्यात बसवत नाही. ज्याच्याशी बोलत होता त्याच्याच मागं चढणार. वीस जोर झाले तेव्हा ट्रॉलीत तिघं होते आणि खाली धुरळा.

वस्ताद उठले. "मान्सं हायसा का म्हसरं? सोयरीक जमवाया निघालाय? अर्धी पुढं, अर्धी मागं. बोलायचं ते मिरजंत जाऊन बोला!"

पाचव्या-सहाव्या खेपेला गाव असं चढायला लागलं की ट्रॉलीच लाजली. सरपंचबाई तर बाराव्या जोराला वर आणि तेराव्याला पदर सारखा करून बसलेल्या. उन्हं कलली तेव्हा राहिली एकटी अक्का.

दोन पैलवान पुढं झाले. "अक्का, आमी उचलतो. फुलावानी."

"हात लावशील तर बघ!" अक्का कडाडली. "मी काय पालखी हाय व्हय? आजारी हाय, मेल्याली न्हाई."

पैलवान मागं सरकले. एवढे आडदांड गडी, पण पाय मातीत उमटू नयेत असे सरकले.

मग दाजी घरी गेले आणि ट्रॉलीत ऊस भरायची शिडी घेऊन आले. सागवानी, रुंद पायऱ्यांची. डोक्यावर मोळी घेतलेला माणूस हात न धरता चढेल अशी. दाजींच्या वडिलांच्या हातची. ही शिडी मागायला आलेल्या माणसाला दाजी आधी चहा देतात, मग नाही म्हणतात. त्यांनी ती ट्रॉलीला लावली, मनाशी डब्याच्या दाराची उंची मापली, आणि करवत काढली.

"अवं, काय करताय?" अक्का म्हणाली.

"ट्रॉली उंच असती. डब्याला येवढी नको." आणि कापली. कुठंही थांबले नाहीत. कापून झाल्यावर मात्र पडलेला तुकडा उचलून थोडा वेळ हातात धरून उभे राहिले.

वस्तादांनी जोर सुरू केले. ट्रॉलीची मागची फळी पाडून दोन पैलवानांनी आखूड झालेल्या शिडीचे खांब धरले. अक्का डाव्या हातावर जोर न देता, स्वतःच्या पायांनी, एकेक पायरी चढली. वर पोचली तेव्हा वस्तादांचे पाच जोर शिल्लक होते. ते त्यांनी तसेच आनंदानं मारले.

रात्रीच्या जेवणाला अक्कानं माझ्यासाठी खरडा, भाकरी आणि राळ्याचा भात केला. तिला स्वतःला पाणीसुद्धा मापून प्यावं लागतं, मीठ बेतानं, केळं-नारळपाणी बंद. ती समोर बसून मला वाढत होती. मी म्हणालो, "अक्का, तू बघत बसतीस, मला घास उतरत न्हाई."

"उतरव," ती म्हणाली. "तू खातूस ते बघून माझं पोट भरतंय. लहानपनापासनं तसंच हाय."

मी सात भाकऱ्या खाल्ल्या. बहिणीचं पोट भरायला पाहिजे ना!

तेवढ्यात ओसरीवर ताटं मोजत बसलेले दाजी आत आले. चेहरा उतरलेला. "एक ताट कमी हाय," म्हणाले, आणि माझ्या पिशवीकडं बघायला लागले. "पेठंतली मान्सं काय सांगाया येत न्हाईत."

मंगळवार

सकाळी फलाटावर गाव दोन रांगांत उभं. कुणी बोलत नव्हतं. बोरमाळात एवढी शांतता ग्रहणातसुद्धा नसते. शिडी घेऊन दोन पैलवान, त्यांच्यामागं अक्का, नवं लुगडं नेसलेली, हातात दवाखान्याची पिशवी. तिच्याबरोबर मिरजेला मी जाणार होतो. पण गडबडीच्या वेळी सूचना द्यायला एक जाणता माणूस लागतो, म्हणून मी मध्यभागी उभा राहून सूचना देत होतो. कुणी मागितल्या नव्हत्या.

गाडी आली. थांबली. वस्तादांनी शिट्टी मारली, आज मात्र जोर न मारता नुसतेच मोजायला लागले. अर्धी माणसं पुढं, अर्धी मागं, ऊस गाळपात जावा तशी आत. शेवटून दुसऱ्या डब्याच्या दाराला शिडी लागली. अक्कानं पहिल्या पायरीवर पाय ठेवला. दुसरी. तिसऱ्या पायरीवर ती थांबली, श्वास घेतला. सगळ्या गावानं तिच्याबरोबर श्वास घेतला. मग ती चढली, दाराच्या आत उभी राहिली आणि वळून म्हणाली, "बाप्या, तू काय पाटीखाली म्हशीच्या जागी ऱ्हातूस का काय?"

मी सूचनाच देत राहिलो होतो! मी धावायच्या आत दोन्ही पैलवानांनी मला बगलेत धरलं आणि उसाच्या मोळीसारखं आत भिरकावलं. मी आतल्या बाकावर जाऊन पडलो. शिडी काढली. फलाट मोकळा.

आणि गाडी अजून उभीच. मिनिट संपलंच नव्हतं. उरलेल्या वेळाचं काय करायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. गाव फलाटावरून गाडीकडं बघतंय, गाडी गावाकडं.

तेवढ्यात शेजारच्या डब्यातून गार्डसाहेब उतरले. ते सरळ आमच्या दाराशी आले. हातात पेपरात गुंडाळलेलं काहीतरी होतं. पेपर सरकला आणि 'ग्रामस्थ बोरमाळ' दिसलं. ताट घासून लख्ख केलेलं, आणि ताटात एक छोटा स्टीलचा डबा.

"हे काल माझ्या डब्यात कुणीतरी ठेवून गेलं," ते अक्काला म्हणाले. "जेवलो मी. पुढच्या स्टेशनापर्यंत. वांगं चांगलं होतं." मग जरा घुटमळून म्हणाले, "ताट मोकळं परत देऊ नये म्हणतात. शेंगाची चटणी आहे. घरची."

अक्कानं ताट दोन्ही हातांनी घेतलं. डबा उघडून चटणीचा वास घेतला आणि मान डोलावली. गार्डसाहेबांनी शिट्टी वाजवली, हिरवा झेंडा दाखवला आणि गाडी वेळेवर हलली. फलाटावरून दाजी धावत सुटले. बायको पहिल्यांदा आगगाडीनं दवाखान्याला निघालेली, नवरा हात वर करून धावतोय, केवढं दृश्य! जवळ आल्यावर ऐकू आलं, "ताट! अगं, ताट दे की!"

ताट मिरजेला गेलं.

अक्का वाटेत खिडकीशी बसून होती. पाय पसरून. मांडीवर ताट. जयसिंगपूरपर्यंत ती एकच वाक्य बोलली, "बाप्या, कुनाच्या मांडीवर डोकं टेकाय लागलं न्हाई बघ." मी खिडकीबाहेर बघायला लागलो. कोळशाची इंजिनं जाऊन किती वर्षं झाली, तरी त्या दिवशी माझ्या डोळ्यांत कोळसा गेला.

संध्याकाळच्या गाडीनं परत आलो. शिडी तयार होती. उतरताना अक्कानं दाजींच्या हातात ताट दिलं, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा उलटंसुलटं करून पोचे तपासले आणि मग बायकोला विचारलं, "बरं हाय न्हवं?" घरी आल्यावर अक्का आडवी झाली नाही. चुलीपुढं बसली आणि तिनं मला चहा करून दिला. डायलिसिसच्या दिवशी तिच्या हातचा चहा मी किती वर्षांत प्यालो नव्हतो. साखर विसरली होती. एवढा गोड चहा मी आजवर प्यालेलो नाही. आणि हे वाक्य तालमीत पाठवलेलं नाही.

पुन्हा कोल्हापूर

परत आल्यावर लोक विचारतात, थांबा कायम झाला का? नाही. कागदावर तो अजून प्रायोगिकच आहे. वरची माणसं ठरवतील तेव्हा ठरवतील. पण मला चिंता नाही, आणि का नाही ते सांगतो.

त्या शुक्रवारी अक्का गाडीत चढली तेव्हा तिच्या हातात गार्डसाहेबांचा तो डबा होता. मोकळा कसा द्यायचा? म्हणून तिनं त्यात काकवी भरली. पुढच्या आठवड्यात डबा परत आला, त्यात सोलापूरची कडक भाकरी, तुकडे करून. मोकळा कसा द्यायचा? मग अक्कानं शेंगदाण्याचे लाडू. स्वतः एकही खाल्ला नाही, पण वास घेऊन मीठ-साखर बरोबर सांगते. गार्डसाहेबांची पाळी बदलली की डबा दुसऱ्या गार्डाकडं जातो, निरोपासकट. गावही तयारीचं झालंय. चढणं, उतरणं, शिडी आणि डबा, सगळं धरून वस्तादांचे तीन जोर शिल्लक राहतात.

काल अक्काचा फोन आला होता. डबा सध्या गार्डसाहेबांकडं आहे. म्हणजे शुक्रवारी गाडीला थांबावंच लागणार.